‘मामा’ हा मानाचा शब्द

“मॅडम, बॉय म्हणजे मुलगा. मग त्यात त्या म्हाताऱ्याला वाईट वाटण्यासारखं काय आहे?”

अकरावी आर्ट्सचा वर्ग, जेवणाच्या सुट्टीनंतरचा तास, आणि बाहेर रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टरांची घरघर. अशा तासाला कोणी प्रश्न विचारणं हीच नवलाई. विचारणारा होता चेतन पाटील. तापीकाठच्या गुजर घरातला, केळीचा नि उसाचा मोठा बागायती बाप, आणि वर्गात कायम मागच्या बाकावर. हा पोरगा जागा आहे म्हटल्यावर मी खडू खाली ठेवला.

मी शहाद्याजवळच्या एका ज्युनिअर कॉलेजात इंग्रजी शिकवायचे. आता रिटायर होऊन बसले आहे. मुलं मला पाठीमागे ‘टेन्सवाली मॅडम’ म्हणायची. टेन्स शिकवते म्हणून म्हणत, की कायम टेन्समध्ये असते म्हणून, हे मी कधी विचारलं नाही. उत्तर मला ठाऊक होतं.

तर धडा होता रॅपिड रीडरमधला. रॅपिड रीडर म्हणजे परीक्षेपुरतं घोकायचं नाही, नुसतं भराभर वाचून समजून घ्यायचं असं पुस्तक. त्यात एका जुन्या परदेशी कादंबरीचं छोटं रूप होतं. नदीकाठचं गाव. गावच्या मालकाचा तेरा-चौदा वर्षांचा मुलगा, आणि त्यांच्याकडे राबणारा एक काळा नावाडी. नावाड्याचे केस पिकलेले, घरात नातवंडं, पण गावातलं शेंबडं गोरं पोरही त्याला हाक मारणार, “ए बॉय!” पूर येतो. नावाडी रात्रभर नाव हाकून गावातली मुलं बाहेर काढतो. मग गावात आभाराचा समारंभ. एकेकाचं नाव घेऊन कौतुक होतं, आणि शेवटी प्रमुख म्हणतो, “आणि हा आपला बॉय.” तेव्हा मालकाचा मुलगा भर सभेत उभा राहतो आणि म्हणतो, “त्यांना नाव आहे.” आणि मिस्टर लावून ते नाव घेतो. झालं. एवढीच कादंबरी. तलवार नाही, बंदूक नाही. एका पोराने एका माणसाचं नाव घेतलं, आणि त्या दिवशी तो पोरगा मोठा झाला.

मी चेतनला सांगितलं, “अरे, पिकल्या केसाच्या माणसाला पोरगा म्हणणं म्हणजे तू कधी मोठा होणारच नाहीस, असं रोज सांगणं.”

“पन मॅडम, शब्द तं चांगला शे ना?” चेतन आता अहिराणीवर आला. ‘शे’ म्हणजे ‘आहे’.

वर्ग हसला. मीही हसले. पण प्रश्न डोक्यातून जाईना.

त्या वर्षी गॅदरिंगला आमच्या विभागाकडून एकांकिका हवी होती. मी म्हटलं, हीच करू, आपल्या बोलीत. याला अ‍ॅडाप्टेशन म्हणतात. अनुवादात शब्द बदलायचे असतात. अ‍ॅडाप्टेशनमध्ये अख्खी गोष्ट उपटून आपल्या मातीत लावायची, आणि ती जगली पाहिजे. नदीचा प्रश्न नव्हता. माझं माहेर प्रकाशाचं. तापीचा पूर बघत मोठी झाले. घाटाच्या पायऱ्या एकेक करून बुडायच्या आणि आम्ही पोरं वर सरकत राहायचो. आई हाका मारून दमायची. ते सगळं लिहिताना मला पुन्हा फ्रॉक घातल्यासारखं वाटत होतं. आभाराच्या समारंभाच्या जागी सत्कार ठेवला. शाल आली, श्रीफळ आलं. नाव दिलं, ‘नाव नसलेला नावाडी’. मी माझ्यावर भलतीच खूश.

गाडी अडली त्या एका शब्दाशी. बॉयला काय म्हणायचं? ‘पोरा’ म्हटलं तर माया वाटते. ‘बाळ’ म्हटलं तर पाळणा दिसतो. ‘गडी’ म्हटलं तर नुसतं काम कळतं, बोचत काहीच नाही. शिवी टाकावी तर मूळची गंमतच जाते, कारण बॉय ही शिवी नव्हती. तो गोड शब्द होता, आणि गोड होता म्हणूनच त्याच्याबद्दल कुणाला तक्रार करता येत नव्हती.

पहिल्या वाचनाला मी मुलांपुढे हीच रड गायले. सगळे गेल्यावर दिलवर पावरा थांबला. धडगावच्या पलीकडच्या डोंगरातला आदिवासी मुलगा, इथे वसतिगृहात राहायचा. घरी पावरी, बाजारात अहिराणी आणि माझ्याशी अगदी मोजूनमापून पुस्तकी मराठी. नावाड्याचं काम मी त्यालाच दिलं होतं.

“मॅडम, आपल्याकडे मामा म्हणतात ना. तसंच आहे ते.”

जे नंदुरबारकडचे नाहीत त्यांना सांगते. मामा म्हणजे आईचा भाऊ, हे सगळ्या महाराष्ट्राला माहीत. हवालदारालाही मामा म्हणतात. पण आमच्या पट्ट्यात डोंगरातून खाली आलेला माणूस दिसला, की सपाटीवरचा माणूस त्याला हाक मारतो, “ए मामा!” ओळखपाळख काही लागत नाही.

“माझा धाकटा भाऊ पहिलीत आहे,” दिलवर म्हणाला. “तळोद्याच्या बाजारात दुकानदार त्यालाही म्हणतो, ए मामा, बाजूला हो.”

मी बघतच राहिले. तिकडे म्हाताऱ्याला पोरगा करून ठेवलं, इकडे दुधाचे दात न पडलेल्या पोराला मामा केलं. मतलब एकच, नाव विचारायची गरज नाही. मी तिथेच उभ्या उभ्या खर्ड्यात बॉय खोडून मामा लिहिलं. दिलवरचा चेहरा मात्र काही खुलला नाही. शब्द त्यानेच दिला होता, पण स्टेजवर तो झेलायचाही त्यालाच होता.

स्क्रिप्ट प्राचार्यांकडे गेलं. आमचे प्राचार्य सज्जन गृहस्थ. त्यांना मुंगीचीही भीती वाटायची, न जाणो तिचं संचालकांकडे येणंजाणं असेल. ते म्हणाले, “मॅडम, हात दाखवून अवलक्षण कशाला? मामा काढा. सेवक म्हणा.”

“सर, सेवक म्हणून हाक कोण मारतं? ए सेवक, पाणी आण?”

“मग मी संचालकांना विचारतो.”

संचालक म्हणजे संस्थेच्या कमिटीतले नरोत्तमभाई, चेतनचे वडील. दुसऱ्याच दिवशी ते स्टाफरूममध्ये आले. पांढरेशुभ्र कपडे, तोंडात सुपारी, माणूस दिलखुलास. मी मनातल्या मनात भांडणाची तयारी करून बसलेली. तर ते हसतच सुटले.

“मॅडम, यामा काय इचारनं? मामा म्हंजे मानना शब्द शे! मायना भाऊ! आम्ही आमना मानूसले मामाच म्हनतस. बिनधास्त करा.”

प्राचार्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि स्क्रिप्टवर लिहिलं, ‘शब्द आदरार्थी असल्याने हरकत नाही.’ इतक्या चुकीच्या कारणासाठी इतकी बरोबर परवानगी मला नोकरीत पुन्हा कधी मिळाली नाही.

आणि मग तालमीला खरी पंचाईत झाली. मालकाचा मुलगा म्हणून चेतन, नावाडी म्हणून दिलवर. चेतन ओरडायचा, “ए मामा, नाव आन!” आणि काही म्हणजे काही व्हायचं नाही. बघणारी पोरं मोबाईलमधून मानही वर काढायची नाहीत. अहो, काढतील कशी? ही हाक ते रोज ऐकत होते. पंख्याचा आवाज कुणी ऐकतं का? चेतनला म्हटलं, जोरात ओरड. तो जोरात ओरडला. पोरं हसली. म्हटलं, तुच्छतेने म्हण. तो सिनेमातल्या खलनायकासारखं नाक फुगवून म्हणाला. ती अजून हसली. आणि दर वेळी दिलवर मान खाली घालून नाव ओढत राहायचा. त्याला अभिनय करावा लागतच नव्हता, आणि तेच मला बघवत नव्हतं.

चौथ्या-पाचव्या तालमीला मी वैतागून म्हटलं, “थांबा. आधी या नावाड्याला एक नाव ठरवू. शेवटच्या वाक्यात घ्यायला लागणार आहे. काय ठेवू, दिलवर?”

“खुमान ठेवा,” तो म्हणाला.

“का रे? खुमानच का?”

“माझ्या वडिलांचं नाव आहे.” मग थोडं थांबून म्हणाला, “ते चेतनच्या शेतात येतात, केळीच्या कामाला. मी लहान होतो तेव्हापासून येतात. तिथे कुणाला हे नाव माहीत नाही.”

चेतन स्टेजच्या कडेला बसला होता, तो उठून उभा राहिला. तोंड लालबुंद. मला वाटलं, आता हे दोघं भिडतात.

“म्हंजे,” चेतन म्हणाला, “केळीवरला मामा तुन्हा बाप शे?”

दिलवरने मान हलवली.

“माले त्यासनीच पवाले शिकाडं रे. कॅनॉलमा. आन माले धाकलपनपाईन वाटे, त्यासनं नावच मामा शे.”

लहानपणापासून मामा हेच नाव समजत आलेला, त्याच माणसाकडून पोहायला शिकलेला पोरगा तिथेच खाली बसला. कोणी हसलं नाही. त्या दिवसाची तालीम तेवढीच.

दुसऱ्या दिवशी चेतन स्टाफरूमच्या दारात.

“मॅडम, खुमानना रोल मी करस.”

“आणि मालकाचा मुलगा?”

“दिलवर. दिलवरले मामा म्हनं तं कोनले काहीच वाटत नई. मालेही वाटत नव्हतं. माले म्हनू द्या. मंग देखू कोन हासस.”

मी तीस वर्षं नाटकं बसवली. कास्टिंग म्हणजे कुणाला कुठलं काम द्यायचं ते ठरवणं. अर्धं नाटक तिथेच पडतं नाहीतर तरतं. पण इतकं बिनचूक कास्टिंग मला सुचलं नव्हतं. मी विचारलं, “तुझे आप्पा पहिल्या रांगेत असतील, ठाऊक आहे ना?”

“ठाऊक शे.” मग हळूच म्हणाला, “घरमा सांगू नका, मॅडम.”

नंतर ते दोघे कुठे बसून, काय बोलून, शब्द कसे घासून आले, मला माहीत नाही. एवढं दिसलं की दिलवरला हुकूम सोडता येत नव्हता आणि चेतनला मान खाली घालता येत नव्हती. दोघे एकमेकांना शिकवत होते. “तशी नको रे घालू मान,” दिलवर सांगायचा, “भीती वाटते म्हणून नाही घालायची. सवय आहे म्हणून घालायची.” हे वाक्य मी अजून विसरले नाही.

गॅदरिंगचा दिवस. मेकअपवाला काळ्या रंगाची डबी उघडून चेतनला शोधत होता. “मॅडम, आदिवासीना रोल शे ना? काळा करू का?” मी म्हटलं, “तोंडाला हात लावशील तर तुलाच रंगवीन.” चेतन केळीच्या बागेतला, चिकाचे डाग पडलेला स्वतःचाच शर्ट घालून येणार होता. पण येणार कधी? पडदा वर जायची वेळ झाली, तरी पत्ता नाही. दिलवर विंगेत उभा. विंग म्हणजे स्टेजची बाजूची पडद्याआडची जागा.

शेवटी चेतन धापा टाकत आला.

“कुठे होतास मेल्या?”

“पाव्हनाले गाडीवर बसाडी आनं, मॅडम.”

मी विंगेतून डोकावले. हॉलच्या अगदी मागे, दाराला टेकून, पिकल्या केसांचा एक बारीकसा माणूस उभा. डोक्याला रुमाल. खुर्च्या रिकाम्या होत्या, पण तो बसला नव्हता. दिलवरने पाहिलं. त्याचा चेहरा असा झाला, की मला वाटलं आता हा स्टेजवर जातच नाही.

पडदा उघडला. स्वच्छ इस्त्रीचा सदरा घातलेला दिलवर मधोमध आला, छाती भरून श्वास घेतला आणि ओरडला, “ए मामा, नाव आन!”

सवयीने थोडं हसू उठलं. आणि डाग पडलेल्या शर्टात, मान खाली घालून, चेतन नरोत्तमभाई पाटील नाव ओढत आला.

हसू जागच्या जागी थांबलं. मग मागच्या बाजूने, वसतिगृहाच्या पोरांकडून, एक खणखणीत हसू आलं. दाबून ठेवलेलं असावं बरीच वर्षं. पहिल्या रांगेत नरोत्तमभाईंचं सुपारी चघळणं थांबलं.

तोच शब्द, तीच हाक, फक्त दिशा बदललेली. पुढचा अर्धा तास प्रत्येक ‘मामा’ हॉलमध्ये दगडासारखा पडत होता.

शेवटचा प्रवेश. सत्कार. सरपंच झालेली आमची लीना, मिशी सांभाळत एकेकाला नारळ देते. सगळ्यांची नावं झाली. मग ती म्हणते, “आनि हाऊ आपला मामा.” हा दिलवरचा क्यू. क्यू म्हणजे ज्या वाक्याची शेपटी धरून पुढच्याने बोलायचं ते वाक्य. दिलवर उभा राहिला.

“त्यासले नाव शे,” तो म्हणाला. आणि अडकला.

नजर मागच्या दाराकडे. मी विंगेतून पुटपुटले, “खुमानदादा... खुमानदादा...” ऐकू गेलं असणारच, पण ओठ हलेनात. लीना नारळ धरून उभी. प्राचार्य घड्याळ बघायला लागले. त्याच्या बापाचं नाव ऐकवायला आम्ही एवढा घाट घातला, आणि नेमकं तेच त्याला उच्चारवेना.

चेतनला त्या प्रवेशात एकही वाक्य नव्हतं. त्याने फक्त मान खाली घालून उभं राहायचं होतं. त्याने मान वर केली. पहिल्या रांगेकडे, सरळ बापाकडे बघून म्हणाला,

“खुमान. मन्हं नाव खुमान पावरा शे.”

आणि मग दिलवरचा आवाज फुटला. “खुमानदादा,” तो म्हणाला. “खुमानदादा म्हनानं.”

टाळ्या मागून सुरू झाल्या आणि पुढे यायला त्यांना वेळ लागला. माझा चष्मा ओला झाला होता, म्हणून पडदा मी जरा उशिरा पाडला. मी पुन्हा डोकावले तेव्हा दारातला माणूस रुमाल काढून हातात धरून उभा होता. टाळी वाजवत नव्हता. नुसता बघत होता.

ग्रीनरूममध्ये नरोत्तमभाई आले ते तणतणतच.

“मॅडम, हाई काय लायं तुम्ही? मन्हा पोऱ्याले सगळा गावसामने मामा म्हनाले लावं!”

मी दिवसभर उपाशी होते आणि तशीही टेन्सवाली. म्हटलं, “भाऊ, बिघडलं काय? मामा तर मानाचा शब्द आहे. तुम्हीच सांगितलंत. सरांनी लिहून दिलंय.”

प्राचार्य छताकडे बघायला लागले.

“आन हाऊ खुमान कोन?” नरोत्तमभाईंनी विचारलं.

“आप्पा,” चेतन म्हणाला, “आपला केळीवर येतस ना, त्या. दिलवरना बाप.”

“तो? तो तं मामा...” आणि वाक्य तिथेच राहिलं. ते वळले आणि निघून गेले. चेतनशी पुढे आठवडाभर बोलले नाहीत म्हणे.

पुढच्या वर्षी नोटीस निघाली की गॅदरिंगमध्ये यापुढे फक्त देशभक्तिपर आणि निखळ विनोदी कार्यक्रम घ्यावेत. आमच्या विभागाकडे रांगोळी आली. मी पाच नदीकाठ रंगवून घेतले. करतील काय?

आता तो हॉल, ती विंग, लीनाची निसटती मिशी, सगळं आठवतं आणि दुपार कशी जाते कळत नाही. दिलवर धडगावकडे शिक्षक झाला. सणावाराला फोन करतो, अजून मोजूनमापून पुस्तकी मराठी, आणि मी रागावते, “अरे, आता तरी सरळ बोल की!” चेतन शेती बघतो. मागच्या थंडीत त्याने मला भरिताच्या पार्टीला नेलं. केळीच्या बागेत तुरीच्या काटक्यांवर वांगी भाजत होती. नरोत्तमभाई खाटेवर बसले होते. थकलेत आता. माझ्याकडे बघून हसले, जरा जपूनच. दिलवर नको नको म्हणतो, तरी खुमानदादा अजून कामाला येतात. पलीकडे घड उतरवत होते.

नरोत्तमभाईंनी हात वर केला, सवयीने. “ए मा...”

मी त्यांच्याकडे बघितलं. चेतनने बघितलं. भाई खोकले. सुपारी या गालातून त्या गालात गेली.

“खुमान!” त्यांनी हाक मारली. “मॅडमकरता पानी आन.”

दादा नाही, भाऊ नाही. पाणी आण, तेही एकेरीच. पण पलीकडे घड उतरवणारे हात थांबले, आणि केळीच्या पानांतून एक पिकलं डोकं वर आलं, कुणी बोलावलं ते नीट पाहायला.

इतकी वर्षं पेपर तपासलेत, सवय जात नाही. भाईंना दहापैकी चार दिले. पास.